फाइलमध्ये राहून गेलेला अहवाल : किरणजीत अहलुवालिया खटला

काळी कॉफी सोडेन. हिरवी मिरची खाणार नाही. दर आठवड्याला गावात जाणार नाही. शेजाऱ्यांकडे पाऊल टाकणार नाही. केस रंगवणार नाही. तुला आवडत नसेल तर हसणारही नाही. पण तू परत ये.

१९८९ च्या एप्रिलच्या सुमारास लिहिलेल्या एका पत्राचा हा आशय आहे. लिहिणारी बाई पंजाबातल्या मध्यमवर्गीय घरातली, १९५५ साली जन्मलेली, कला शाखेची पदवीधर. लग्नासाठी घरच्यांचा तगादा सुरू होण्याआधी तिने कायद्याचा अभ्यासही सुरू केला होता. नवरा तीन दिवस घर सोडून गेला, तेव्हा त्याला परत बोलावण्यासाठी तिने हे लिहिलं. त्यानंतर महिनाभराने, ९ मेच्या पहाटे, तिने त्याच नवऱ्याला बिछान्यात पेट्रोल टाकून पेटवलं.

हसण्याचीही परवानगी मागणारी बाई आणि पेट्रोलची बादली घेऊन जिना चढणारी बाई एकच आहे, हे समजून घेतल्याशिवाय किरणजीत अहलुवालियाचा खटला कळत नाही. कायद्याला ते समजायला तीन वर्षं लागली. आणि समजलं तेही अर्धंच, असं माझं मत आहे.

दहा वर्षं

१९७९ मध्ये लग्न होऊन किरणजीत इंग्लंडला आली. लंडनच्या दक्षिणेला क्रॉली नावाचं गाव आहे, तिथे संसार थाटला. दोघंही नोकरी करत, पुढे दोन मुलगे झाले. नवरा दीपक अंगापिंडाने धिप्पाड, ही चणीने लहान. मारहाण लग्नानंतर लगेचच सुरू झाली.

या मारहाणीची नोंद डॉक्टरांच्या कागदांत आहे, म्हणून ती कोर्टापुढे ठोसपणे येऊ शकली. ऑक्टोबर १९८१ मध्ये नवऱ्याने टेलिफोनने तिच्या डोक्यावर तीन-चार वेळा मारलं आणि तिला जमिनीवर आपटलं. १९८३ मध्ये ती गरोदर असताना त्याने ढकलून दिलं, हाताला मुका मार बसला. त्याच वर्षी तिने कोर्टाकडून मनाई हुकूम मिळवला, की नवऱ्याने हात उगारू नये. हात थांबला नाही. १९८६ मध्ये त्याने गळा धरून चाकूचा धाक दाखवला, तेव्हा दुसरा मनाई हुकूम. तोही कागदावरच राहिला.

मी शिकवतो त्या कायद्याच्या वर्गात हे प्रकरण निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मग ती निघून का नाही गेली? विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण उत्तर समोरच आहे. ती दोनदा कोर्टात गेली होती. परक्या देशात, दोन लहान मुलं पदरात, माहेर हजारो मैलांवर, आणि ‘दिल्या घरी’ नांदण्याचं वळण लहानपणापासून अंगात भिनलेलं. तेवढं असूनही ती कोर्टाची पायरी चढली. कायद्याने तिच्या हातात दोन कागद दिले आणि घरी पाठवलं.

मार्च १९८९ च्या सुमारास तिला कळलं, की नवऱ्याचे दुसऱ्या एका बाईशी संबंध आहेत. तो ते लपवतही नव्हता, त्यावरून तिला टोमणे मारायचा. एप्रिलचं ते पत्र या काळातलं आहे.

८ मेची रात्र

रात्री सव्वादहाच्या सुमारास दीपक घरी आला. टेलिफोनच्या बिलासाठी सकाळी दोनशे पौंड दिले नाहीस तर मारेन, असं त्याने बजावलं. मग तो कपड्यांना इस्त्री करायला लागला. ती बोलायचा प्रयत्न करत राहिली, तेव्हा ही गरम इस्त्री तोंडाला लावीन, अशी धमकी त्याने दिली. बाराच्या सुमारास ती झोपायला गेली. झोप लागली नाही.

काही दिवसांपूर्वी तिने पेट्रोलचा डबा आणून घरामागच्या पडवीत ठेवला होता. कॉस्टिक सोडाही आणून ठेवला होता. अडीचच्या सुमारास ती उठली. सुमारे दोन पाइंट, म्हणजे लिटरभराहून थोडं जास्त पेट्रोल तिने बादलीत ओतलं. गॅसवर मेणबत्ती पेटवली. एक काठी घेतली. आणि स्वतःचा हात भाजू नये म्हणून ओव्हनमध्ये वापरतात तो जाड हातमोजा घातला.

हा हातमोजा ध्यानात ठेवा. पुढे सगळ्या खटल्याचा अर्थ या हातमोज्याकडे आपण कसं पाहतो, यावर फिरतो.

तिने वर जाऊन पेट्रोल फेकलं, आग लावली आणि मुलाला कपडे घालायला गेली. पेटलेला दीपक आधी बाथटबकडे धावला, मग ओरडत घराबाहेर. शेजारी गोळा झाले. त्यांना दिसलं, की दार आतून बंद आहे आणि ती तळमजल्याच्या खिडकीत मुलाला कवटाळून उभी आहे. नजर थिजलेली. घर पेटतंय, बाहेर ये, असं ते ओरडत होते. तिने खिडकी उघडली आणि म्हणाली, मी नवऱ्याची वाट बघतेय. पुन्हा खिडकी लावून घेतली. बऱ्याच विनवण्यांनंतर तिने मूल बाहेर दिलं, मग स्वतः बाहेर आली.

दीपक १५ मे रोजी मेला. तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला. तुरुंगातून तिने सासूला पत्र लिहिलं : त्याने इतकी पापं केली होती, की ती धुऊन निघावीत म्हणून मी त्याला अग्निस्नान घातलं. हे वाक्य वाचताना आजही अंगावर काटा येतो. यात सूड आहे, पण शुद्धीवर असलेल्या, तोल सांभाळलेल्या माणसाचा सूड असा बोलतो का?

लुईसचा निकाल

खटला लुईस इथल्या क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर गुन्ह्यांच्या कोर्टात, चालला. बचाव पक्षाचं म्हणणं दुहेरी होतं. एक, तिला जीव घ्यायचा नव्हता, गंभीर इजाही करायची नव्हती, फक्त थोडी वेदना द्यायची होती. दोन, हे मान्य नसेल तर तिला चिथावलं गेलं होतं, आपल्या कायद्याच्या मराठीत सांगायचं तर प्रक्षोभन झालं होतं. ते मान्य झालं तर खुनाऐवजी मनुष्यवध हा सौम्य गुन्हा ठरे. किरणजीत स्वतः साक्षीला उभी राहिली नाही. तिच्या बाजूने एकही वैद्यकीय साक्षीदार आला नाही.

इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा प्रक्षोभनाची कसोटी १९४९ च्या डफी खटल्यातून आलेली होती : आत्मसंयम ‘अचानक आणि तात्पुरता’ सुटलेला हवा. जाता जाता सांगायला हवं, की डफी खटलाही नवऱ्याच्या छळाला कंटाळून त्याचा जीव घेणाऱ्या बाईचाच होता. म्हणजे मार खाणाऱ्या एका बाईवरून जी कसोटी घडली, तीच चाळीस वर्षांनी मार खाणाऱ्या दुसऱ्या बाईच्या वाटेत आडवी आली.

या कसोटीमागे एक विशिष्ट माणूस उभा आहे. कोणी अपमान करतं, त्याच्या डोक्यात तिडीक जाते, हाताला येईल ते उचलून तो मारतो. हा राग अंगात बळ असलेल्याचा आहे. ज्याच्यासमोर उसळण्याची सोयच नाही, उसळलो तर दुप्पट मार बसेल हे ज्याला माहीत आहे, त्याचा राग असा येत नाही. तो आत मुरतो, कुजतो आणि समोरचा झोपल्यावर बाहेर पडतो. इस्त्रीची धमकी आणि आग यांच्यामधले ते काही तास ज्युरीला, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांना, ‘शांत व्हायला मिळालेला वेळ’ वाटू शकत होते. त्या तासांत ती शांत होत नव्हती, ती उकळत होती. पण हे सांगणारं कोर्टात कोणी नव्हतं.

न्यायाधीशांनी ज्युरीला समजावताना आरोपीची कोणती वैशिष्ट्यं विचारात घ्यायची हेही सांगितलं. त्यांच्यापुढे होतं तेवढंच ते सांगू शकले : ती आशियाई स्त्री आहे, तिचं आशियाई पुरुषाशी लग्न झालेलं आहे, ती या देशात राहते, आणि ती शिकलेली, पदवीधर आहे. बस. दहा वर्षांच्या मारहाणीने तिच्या मनाचं काय झालं होतं, याविषयी एक शब्दही ज्युरीपुढे नव्हता. मी न्यायाधीशांना फारसा दोष देत नाही. पुराव्यात जे आलंच नाही, ते ते कुठून आणणार?

७ डिसेंबर १९८९ रोजी ज्युरीने तिला खुनाबद्दल दोषी ठरवलं. इंग्लंडमध्ये खुनाला शिक्षा एकच, जन्मठेप. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नसतो.

कायद्यातलं दुसरं दार

या ‘दुसरा पर्यायच नाही’ मधूनच उणावलेल्या जबाबदारीचा बचाव जन्माला आला आहे. इंग्रजी वकील ज्याला ‘डिमिनिश्ड रिस्पॉन्सिबिलिटी’ म्हणतात तो हा. त्याचं मूळ स्कॉटलंडमध्ये आहे. १८६७ मध्ये डिंगवॉल नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायमूर्ती लॉर्ड डीस यांनी ज्युरीला सांगितलं, की आरोपी वेडा नसला तरी त्याच्या मनाचा कमकुवतपणा लक्षात घेऊन गुन्हा खुनाऐवजी मनुष्यवध ठरवता येईल. इंग्लंडला तिथवर यायला आणखी नव्वद वर्षं लागली. १९५७ च्या होमिसाइड अ‍ॅक्टच्या कलम २ ने हा बचाव तिथे आणला.

त्याआधी मनाच्या आजाराला कायद्यात एकच जागा होती, ती १८४३ च्या मॅकनॉटन नियमांची. आपण काय करतोय हेच आरोपीला कळत नव्हतं, किंवा ते चूक आहे हे कळत नव्हतं, असं सिद्ध झालं तर तो वेडेपणामुळे दोषमुक्त. कळत होतं, तर पुरता खुनी. मधली पायरीच नाही. खरी माणसं मात्र बहुतेक वेळा त्या मधल्या पायरीवरच असतात. त्यांना कळतं, पण वळत नाही. आपल्या भाषेत या अवस्थेसाठी म्हण आहे, मॅकनॉटनच्या नियमांत तिला जागा नव्हती.

१९५७ चा कायदा या मधल्या पायरीसाठी होता. मनात काही अस्वाभाविकपणा हवा, तो आजारातून, इजेतून किंवा उपजत कारणातून आलेला हवा, आणि त्यामुळे आरोपीची मानसिक जबाबदारी लक्षणीय प्रमाणात उणावलेली हवी. १९६० च्या बर्न खटल्यात मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड पार्कर यांनी स्पष्ट केलं, की यात केवळ आकलन येत नाही. कृती बरी की वाईट याचा सारासार विचार आणि स्वतःच्या इच्छेला आवर घालण्याची ताकद, हेही त्यात येतं. बचाव यशस्वी झाला तर आरोपी सुटत नाही. खून हा मनुष्यवध होतो, इतकंच. पण न्यायाधीशाचे हात मोकळे होतात. जन्मठेपेपासून थेट सुटकेपर्यंत काहीही तो प्रकरण पाहून ठरवू शकतो. आंशिक बचाव म्हणतात तो यासाठी.

एक अट जड आहे. तेव्हा प्रक्षोभनाचा मुद्दा पुराव्यातून एकदा पुढे आला, की ते नव्हतंच हे फिर्यादी पक्षाला सिद्ध करावं लागे. उणावलेल्या जबाबदारीचं ओझं मात्र आरोपीवर आहे. संशयापलीकडे नव्हे, शक्यतेचं पारडं झुकेल एवढंच, पण ते त्यानेच झुकवायचं. डॉक्टरांच्या साक्षीवाचून ते होत नाही. म्हणजे हा बचाव ज्याला मिळतो, त्याला तो कोणीतरी डॉक्टर गाठून मिळवून दिलेला असतो.

अहवाल

आणि इथेच या प्रकरणातली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट आहे. डॉक्टर गाठला गेला होता. खटल्याच्या आधीच एका मनोविकारतज्ज्ञाने किरणजीतची तपासणी करून लेखी अहवाल दिला होता. त्या रात्री तिला अंतर्जन्य नैराश्य होतं, ज्याला काही तज्ज्ञ ‘मेजर डिप्रेशन’ म्हणतात, असं त्यात लिहिलं होतं. तो अहवाल वकिलांच्या कागदांत होता. त्याचा पाठपुरावा झाला नाही. असाही एक बचाव उपलब्ध आहे, हे किरणजीतला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

जिच्या आयुष्यातला प्रत्येक निर्णय दुसऱ्याने घेतला, तिच्या आयुष्याचा फैसला होतानाही तिला कोणी विचारलं नाही. हे प्रकरण शिकवताना मी इथे नेहमी थांबतो. वर्गात बसलेल्यांपैकी काही जण उद्या सेशन्स कोर्टात कोणाच्या तरी जन्मठेपेचा कागद हातात घेऊन उभे राहणार असतात.

पश्चिम लंडनमधल्या ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ या संघटनेने तिचं प्रकरण हाती घेतलं. आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांनी १९७९ मध्ये उभारलेली ही संघटना. रस्त्यावर निदर्शनं झाली, नवे वकील आले, अपील दाखल झालं. हवा अनुकूल होती असं नाही. १९९१ च्या जुलैमध्येच सारा थॉर्न्टन या बाईचं याच प्रकारचं अपील फेटाळलं गेलं होतं.

३१ जुलै १९९२ रोजी मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड टेलर यांच्या पीठाने निकाल दिला. अपिलाचे मुख्य मुद्दे तीन होते, त्यातले दोन फेटाळले गेले. डफीची ‘अचानक आणि तात्पुरता’ ही कसोटी बदलायला कोर्टाने नकार दिला. अशी जुनी कसोटी बदलायची तर संसदेने बदलावी, असं त्यांचं म्हणणं. एक फट मात्र त्यांनी ठेवली : नुसता उशीर झाला म्हणून प्रक्षोभन आपोआप बाद होत नाही. पण उशीर जितका लांब आणि तयारी जितकी स्पष्ट, तितका तो बचाव टिकणं अवघड. पेट्रोलचा डबा, बादली आणि हातमोजा असताना ही फट किरणजीतच्या कामाची नव्हती. सततच्या मारहाणीने स्त्रीच्या मनावर होणारा विशिष्ट परिणाम, ज्याला ‘बॅटर्ड वुमन सिंड्रोम’ म्हणतात, तो तिचं वैशिष्ट्य म्हणून ज्युरीपुढे ठेवायला हवा होता, हा दुसरा मुद्दा. त्याचा पुरावाच खटल्यात नव्हता, म्हणून तोही गेला.

तिसरा मुद्दा होता उणावलेल्या जबाबदारीचा. कोर्टापुढे आता तो जुना अहवाल होता आणि त्याला दुजोरा देणारे आणखी अहवालही. कोर्ट सावध होतं, आणि त्याची सावधगिरी योग्यच होती. खटल्यात एक बचाव चालवायचा, तो पडला की अपिलात दुसरा काढायचा, असं होऊ दिलं तर खटल्याला अर्थच राहणार नाही. पण इथे कोणी डाव खेळलं नव्हतं. अहवाल नजरेआड झाला होता. कोर्टाने नवा पुरावा दाखल करून घेतला, दोषसिद्धी रद्द केली आणि फेरखटल्याचा आदेश दिला.

२५ सप्टेंबर १९९२. लंडनचं ओल्ड बेली हे फौजदारी कोर्ट. किरणजीतने उणावलेल्या जबाबदारीमुळे घडलेल्या मनुष्यवधाची कबुली दिली आणि सरकार पक्षाने ती स्वीकारली. न्यायमूर्ती हॉबहाउस यांनी शिक्षा सुनावली : तीन वर्षं चार महिने. तेवढे दिवस तिने आधीच आत काढले होते. त्याच दिवशी ती बाहेर पडली.

हातमोजा, पुन्हा एकदा

घटना तीच, माणूसही तोच. १९८९ मध्ये जन्मठेप आणि १९९२ मध्ये सुटका. मधे बदललं काय?

प्रक्षोभनाच्या चष्म्यातून हातमोजा पाहा. स्वतःचा हात भाजू नये एवढं भान जिला होतं, तिचा संयम सुटला होता असं कसं म्हणायचं? तो चष्मा रागाचा वेग मोजतो, आणि हातमोजा घालायला वेळ लागतो. आता उणावलेल्या जबाबदारीच्या चष्म्यातून पाहा. खोल नैराश्यातला माणूस सकाळी उठतो, कामावर जातो, पोळ्या करतो, मुलांचे डबे भरतो. कामं हातून होत राहतात. जाते ती पर्याय दिसण्याची ताकद. उद्या पहाट होईल, दार उघडून पोलिसांकडे जाता येईल, कोणाला तरी फोन करता येईल, हे दिसेनासं होतं. अशा अवस्थेत हातमोजा घालणं आणि मन बिघडलेलं असणं या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. पेटत्या घराच्या खिडकीत उभं राहून ‘मी नवऱ्याची वाट बघतेय’ म्हणणाऱ्या बाईला पाहिल्यावर याला वेगळा पुरावा कशाला हवा? पण कायद्याला हवा असतो आणि तो डॉक्टरांकडूनच यावा लागतो.

म्हणून मी या बचावाच्या बाजूचा आहे. तरी मनात एक सल आहे. कोर्टाने तिला जे दार उघडून दिलं, त्यावर पाटी होती ‘मन आजारी’. ज्या दारावर ‘हिच्यावर जे गुदरलं ते कोणालाही सहन झालं नसतं’ अशी पाटी होती, ते बंदच राहिलं. पहिल्या पाटीने दोष तिच्या मेंदूत ठेवला. दुसरीने तो त्या घरात ठेवला असता, टेलिफोनच्या रिसीव्हरवर आणि गरम इस्त्रीवर. किरणजीत आजारी होती हे खरं. पण हा आजार तिच्या रक्तातून आला नव्हता. दहा वर्षं रोज कोणीतरी तो तिच्यात घालत होतं.

इंग्लंडने ही दुसरी चूक पुढे बरीच सुधारली. २००९ च्या कायद्याने जुना प्रक्षोभनाचा बचाव रद्द झाला आणि ‘संयम सुटणे’ हा नवा बचाव आला. तो ऑक्टोबर २०१० पासून लागू आहे. त्यात संयम अचानकच सुटलेला हवा ही अट नाही आणि गंभीर हिंसेची भीती हेही कारण चालतं. त्याच कायद्याने उणावलेल्या जबाबदारीची व्याख्याही नव्याने बांधली : मान्यताप्राप्त वैद्यकीय आजार हवा, आणि त्याने कृतीचं स्वरूप समजण्याची, विवेकाने निर्णय घेण्याची किंवा स्वतःला आवरण्याची क्षमता लक्षणीय कमी झालेली हवी. तरीही २०१९ मध्ये सॅली चॅलन या बाईची, वर्षानुवर्षांच्या जाचानंतर नवऱ्याचा जीव घेण्याच्या प्रकरणात, सुटका झाली ती उणावलेल्या जबाबदारीच्याच दारातून. जुनी वाट पायाखालची असते.

आपल्याकडे

किरणजीत लग्न होऊन इंग्लंडऐवजी पुण्याला किंवा नागपूरला आली असती तर? हा प्रश्न मी हौसेने विचारत नाही. आपला फौजदारी कायदा इंग्रजांनी लिहिला, पण लिहिला १८६० मध्ये. मॅकनॉटनचा नियम तोवर ताजा होता, तो भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ मध्ये आला. १९५७ मध्ये लंडनच्या संसदेने मधली पायरी बांधली, तोवर आपण स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली होती. ती पायरी आपल्याकडे कधी आलीच नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम २२ मध्ये जुन्या कलम ८४ चाच आशय उतरला आहे. मनोविकल माणसाला कृतीचं स्वरूप कळत नव्हतं किंवा ती चूक आहे हे कळत नव्हतं, तर गुन्हा नाही. कळत होतं, तर गुन्हा. किरणजीतला आग कळत होती. हे दार बंद.

राहिलं गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभन, म्हणजे खुनाच्या व्याख्येला असलेला अपवाद. तिथे वाटेत नानावटी खटला उभा आहे. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदल अधिकारी कवास नानावटी यांनी बायकोच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. दीडला घर सोडलं, चार-वीसला गोळ्या. मधल्या वेळात ते जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेऊन आले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये म्हटलं, की तीन तासांत राग शांत व्हायला हवा होता, तेव्हा हा खूनच. किरणजीतच्या प्रकरणात रात्रीचे तास साधारण तेवढेच भरतात, शिवाय पेट्रोल आधीच आणलेलं. त्याच निकालात एक ओळ मात्र अशी आहे, की मृताच्या आधीच्या वागण्यातून आरोपीच्या मनाची जी पार्श्वभूमी तयार झाली ती विचारात घेता येते. त्या ओळीला धरून काही निकाल पुढे गेले. १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने साचत गेलेल्या प्रक्षोभनालाही अपवादात जागा दिली. पण ही वाट अरुंद आहे, आणि एखाद्या उच्च न्यायालयाच्या निकालावर जिल्ह्याच्या गावातल्या बाईचं नशीब सोपवणं मला धोक्याचं वाटतं.

मग आजारी मनाला आपल्याकडे काहीच किंमत नाही का? आहे, पण फाशीच्या दोरापाशी. १९८० च्या बच्चनसिंग खटल्यात ज्येष्ठ वकील डॉ. वाय. एस. चितळे यांनी फाशी टाळण्याजोग्या परिस्थितींची यादी कोर्टापुढे ठेवली. कृतीमागचा पराकोटीचा मानसिक किंवा भावनिक क्षोभ त्यात होता. मनाच्या दोषामुळे गुन्ह्याचं गांभीर्य समजण्याची क्षमता कमी झालेली असणं, हेही होतं. वाचताना वाटतं, हाच तर तो इंग्रजी बचाव. कोर्टाने ही कारणं महत्त्वाची मानली. पण त्यांचा उपयोग फाशीची जन्मठेप करण्यापुरता. गुन्ह्याचं नाव खूनच राहतं आणि खुनाला जन्मठेपेखाली शिक्षाच नाही. जिच्या मनाचा तोल सुटला होता असं न्यायाधीशाला मनोमन पटलेलं आहे, तिलाही तो तीन वर्षं चार महिने देऊ शकत नाही.

म्हणून किरणजीतचा खटला मी इतिहास म्हणून शिकवत नाही. कायदा बदलेपर्यंत वकिलाच्या हातात जे आहे ते नीट वापरायला हवं : साचलेल्या प्रक्षोभनाचा मुद्दा पहिल्या दिवसापासून, आरोपपत्र हातात पडण्याआधीपासून उभा करणं, मनोविकारतज्ज्ञाची तपासणी अटकेनंतर लगेच मागणं, जुने औषधोपचार शोधणं. १९८१ मध्ये तिथल्या डॉक्टरने टेलिफोनच्या माराची नोंद केली, म्हणून अकरा वर्षांनी अपील कोर्टात ती वाचता आली. आपल्याकडे बाई सरकारी दवाखान्यात येते, तेव्हा बहुतेक वेळा नवरा किंवा सासू शेजारी उभी असते. केसपेपर मागवून पाहा. डोळा काळानिळा, मनगट सुजलेलं, आणि खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात एक ओळ : ‘मोरीत पाय घसरून पडल्याचे सांगते.’ अशा तीन-चार तारखांचे तीन-चार पेपर एकाच बाईच्या नावावर निघाले, तर ते एका फाइलमध्ये लावा. आणि फाइल कोर्टात उघडा.